कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं हार्मोनचं क्लिनिक : आधी तपासतात, मग आजाराचं नाव घेतात

पाळी वेळेवर येत नाही, हनुवटीवर केस येतात, किंवा कुणीतरी सोनोग्राफी बघून ‘पीसीओडी आहे’ एवढंच सांगून मोकळं झालंय, अशा कुणालाही मी हे क्लिनिक सुचवेन. इथल्या मॅडम एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टर आहेत. आपल्याकडं लोक त्यांना शुगरवाल्या मॅडम किंवा थायरॉइडवाल्या मॅडम म्हणूनच ओळखतात. पाळीची तक्रारही त्यांच्याकडं नेता येते, हे पुष्कळांच्या गावीच नसतं. मी त्यांची पेशंट आहे आणि आता माझी भाचीही त्यांच्याकडंच जाते. आम्हा दोघींना आधी दुसरीकडं जे सांगितलं होतं, ते इथं नेमकं उलटं निघालं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी फार्मासिस्ट आहे. शाहूपुरीत एका मेडिकलच्या काउंटरवर बरीच वर्षं काम करते. पीसीओएसबद्दल, म्हणजे लोक ज्याला पीसीओडी म्हणतात त्या हार्मोनच्या गडबडीबद्दल, लोकांच्या मनात काय काय बसलंय, ते काउंटरच्या आतल्या बाजूनं फार स्पष्ट दिसतं. एकवीस गोळ्यांचं पाकीट पुढं ठेवलं की आई आधी मुलीकडं बघते, मग आवाज बारीक करून मला विचारते, “ताई, ही पाळणा लांबवायची गोळी नव्हं का? अजून लग्न व्हायचंय हो तिचं.” ही गोळी घेतल्यानं पुढं मूल होत नाही, हा समज इतका घट्ट आहे की निम्म्या आया पाकीट तिथंच परत करतात. खरं तर गोळी बंद केली की गर्भ राहण्याची क्षमता परत येते. दुसरी गोळी मेटफॉर्मिन. ती दिली की, “एवढ्या लहान वयात शुगर झाली म्हणायची का?” शुगर झालेली नसते. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही म्हणून ती दिलेली असते, पण हे वाक्य चिठ्ठी लिहिताना कुणी बोललेलं नसतं. आणि नवरात्र किंवा गौरी-गणपती जवळ आले की पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मागायला बायका येतात. त्यात नॉरेथिस्टेरॉन असतं. हेच औषध वेगळ्या हिशेबानं पाळी आणण्यासाठीही देतात. मग जावेची चिठ्ठी नणंद वापरते, आणि ‘मला गोळ्या लागू पडल्या नाहीत’ म्हणून परत येते.

यातली औषधं वाईट नाहीत. चिठ्ठ्याही बहुतेक वेळा चुकीच्या नसतात. पण तीन महिने पाकिटं खाल्ली, पाळी महिन्याला आली, की मुलगी ‘बरी झाले’ म्हणून बंद करते. गोळीवर येणारी पाळी ही गोळीमुळं येते. आत बीज तयार होऊन बाहेर पडतंय असा तिचा अर्थ नाही. बंद केल्यावर पाळी पुन्हा लांबते आणि बोल गोळीला लागतो. मी काउंटरवर जमेल तेवढं सांगते, पण मागं रांग असते, आणि शेजारी ओळखीचं कुणी उभं असलं की मुलगी ऐकायलाही थांबत नाही.

आता माझं. मी बारीक आहे, 47 किलो. मला एक मुलगा आहे. पाळी कॉलेजपासूनच दीड-दोन महिन्यांनी येते. हनुवटीवर आणि गळ्याखाली जाड काळे केस आहेत, ते दर आठवड्याला काढावे लागतात. याआधी मी जिथं दाखवलं तिथं सोनोग्राफी झाली. ती नॉर्मल आली, आणि मला सांगितलं गेलं की तुम्ही बारीक आहात, मूल झालंय, तुम्हाला पीसीओडी असणारच नाही, टेन्शन कमी घ्या. उपाशीपोटीची शुगर बघितली, तीही नॉर्मल. फाइल बंद.

इथं मॅडमनी पहिल्याच भेटीत अर्धा तास फक्त विचारण्यात घालवला. पाळी कितव्या वर्षी आली, गेल्या वर्षभरात किती वेळा आली, केस कधीपासून, अचानक वाढले का हळूहळू, घरात शुगर कुणाला. माझ्या वडिलांना आहे, आत्यालाही आहे. मग पडदा ओढून केस तपासले. ओठावर, हनुवटीवर, छातीवर, पोटावर, मांड्यांवर, अशा नऊ जागा बघून प्रत्येक जागेला गुण देतात. फेरिमन-गॅल्वे म्हणतात त्या पद्धतीला. केस शेवटचे कधी काढले तेही विचारलं. मी आदल्या दिवशीच थ्रेडिंग करून गेले होते. आधीच्या ठिकाणी हनुवटी स्वच्छ बघून विषय तिथंच संपला होता. इथं मॅडमनी त्वचेवरचे बारीक काळे ठिपके उजेडात धरून बघितले आणि म्हणाल्या, “हे तुम्ही कमीत कमी दहा वर्षं काढताय.” बरोबर होतं.

मग त्यांनी कागदावर तीन ओळी लिहून दाखवल्या. 2003 साली रॉटरडॅमला तज्ज्ञांची बैठक झाली, तेव्हापासून मोठ्या बायकांचं निदान तीन गोष्टींवर करतात. पाळी अनियमित असणं ही एक. पुरुषी हार्मोन वाढल्याची लक्षणं, किंवा रक्तात ते वाढलेलं दिसणं ही दुसरी. सोनोग्राफीत अंडाशयात खूप बारीक पुटिका, म्हणजे अर्धवट वाढलेले बीजकोष, दिसणं ही तिसरी. तिन्हीपैकी कुठल्याही दोन हव्यात. माझ्याकडं पहिल्या दोन होत्या. म्हणजे सोनोग्राफी नॉर्मल असूनही मला पीसीओएस असू शकत होतं. पण त्यांनी त्याच दिवशी तसा शिक्का मारला नाही. तशीच लक्षणं देणारे दुसरे आजार आधी बाजूला काढावे लागतात. थायरॉइडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन, आणि अॅड्रिनल ग्रंथीच्या एका जन्मजात दोषासाठी 17-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन आणि त्याला बांधून ठेवणारं प्रथिन एसएचबीजी यांच्यासह या तपासण्या पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत, सकाळी द्यायला सांगितल्या. मी औषधांच्या धंद्यात असून मला ही 17-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची तपासणी कुणी कधी लिहून दिलेली नव्हती.

साखरेची तपासणी त्यांनी वेगळी लावली. उपाशीपोटी रक्त, मग 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं, आणि दोन तास काही न खाता-पिता बसून परत रक्त. खालच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये ते करतात. पाणी इतकं गोड असतं की शेवटचा घोट उतरत नाही. लॅबच्या मावशी समोर बसून पाजतात, घाई करत नाहीत. माझी उपाशीपोटीची 92 आली. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए1सीही ठीक, 5.5 टक्के. दोन तासांची मात्र 158. तिथं 140 च्या आत हवी, 200 ला मधुमेह म्हणतात. म्हणजे माझं शरीर मधल्या पायरीवर होतं आणि नुसत्या उपाशीपोटीच्या तपासणीत ते कधीच सापडलं नसतं. 47 किलोच्या बाईची ही तपासणी करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण इन्सुलिनची गडबड जाड माणसालाच होते असं धरून चाललेलं असतं. पीसीओएसमध्ये वजन काहीही असो, ही तपासणी करावी असं आता आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. त्यात आपल्याकडच्या लोकांना कमी वजनावरही शुगरचा धोका असतो.

मॅडमनी ते कसं होतं तेही सांगितलं. इन्सुलिनला पेशी दाद देत नाहीत म्हणून शरीर ते जास्त बनवतं. जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन जास्त तयार करायला लावतं. शिवाय ते लिव्हरमधून येणारं एसएचबीजी कमी करतं, आणि हेच प्रथिन त्या हार्मोनला बांधून ठेवत असतं. ते कमी झालं की मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. पुढं हनुवटीवर केस, डोक्यावरचे विरळ, बीज अर्धवट वाढून थांबणार, पाळी लांबणार. माझ्या सगळ्या तक्रारी एका धाग्यात बसल्या. इतकी वर्षं केसांसाठी एकीकडं, पाळीसाठी दुसरीकडं आणि थकव्यासाठी तिसरीकडं जात होते.

औषधांबद्दल मी व्यवसायामुळं बारकाईनं बघते, म्हणून लिहिते. मेटफॉर्मिन त्यांनी रात्रीच्या जेवणाबरोबर 500 मिलिग्रॅमनं सुरू केलं आणि हळूहळू वाढवलं. एकदम पूर्ण डोस दिला की पोट बिघडतं आणि पेशंट गोळीच सोडतो. पुष्कळ दिवस घेतल्यावर बी-12 कमी होऊ शकतं, म्हणून तेही बघायचं लिहून ठेवलं. केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन देण्याआधी त्यांनी दोनदा विचारलं की दुसऱ्या मुलाचा विचार आहे का, कारण ते औषध चालू असताना दिवस जाऊन चालत नाही, गर्भाला धोका असतो. फरक दिसायला सहा महिने तरी लागतात, तोवर धीर धरा, हे आधीच सांगितलं. आणि पार्लरमध्ये जे ऐकत आले होते, की थ्रेडिंगनं किंवा रेझरनं केस जाड होतात, ते खरं नाही असंही सांगितलं. जाड होतात ते हार्मोनमुळं. तोवर जसे सोयीचे वाटतील तसे काढा, लाज बाळगू नका.

आता भाचीचं. हा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

माझी आक्का राधानगरी तालुक्यात दिली आहे. भाची पंधरा वर्षांची, दहावीत. पाळी सातवीत आली. ती पन्नास-साठ दिवसांनी येते. अंगानं भरलेली आहे. जवळच्या एका दवाखान्यात तिला नेलं, पोटावरून सोनोग्राफी केली आणि रिपोर्टवर दोन्ही अंडाशयं पीसीओडीची म्हणून आलं. तिथल्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर वजन केलं, आकडा मोठ्यानं सांगितला, आणि तिच्यादेखत आक्काला म्हणाले, “आत्ताच कमी करा, नाहीतर लग्नानंतर मूल व्हायला त्रास.” पोरगी घरी येऊन जेवायचीच बंद झाली. शाळेत ती लाठीकाठी खेळायची, मर्दानी खेळाच्या पथकात होती. तेही सोडून दिलं, कारण पथकातल्या पोरी हसतील. रिपोर्टमधल्या ‘सिस्ट’चं आक्कानं गाठी केलं, आणि गाठी म्हटल्यावर दाजींच्या डोक्यात कॅन्सर आला. घरात आठवडाभर कुणी धड बोलत नव्हतं.

क्लिनिकमध्ये वजनकाटा पडद्याआड आहे. सिस्टरनी आधी विचारलं, “वजन घेऊ का बाळा?” आणि आकडा फक्त कागदावर लिहिला. तो आकडा मी इथंही लिहीत नाही, तो तिचा आहे. मॅडमनी आम्हा तिघांना ऐकून घेतलं, मग आम्हाला बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलल्या. परत आत बोलावलं तेव्हा ती मान खाली घालून बसली होती. मॅडमनी तिच्या शाळेच्या शर्टची कॉलर हळूच मागं केली. मानेवर काळपट, मखमलीसारखा जाड पट्टा होता. आक्का घाईनं म्हणाली, “मॅडम, लई घासलं बघा. बेसन, लिंबू, दगडसुद्धा. मळ निघतच नाही.” मॅडमनी आक्काचा हात धरून तिचंच बोट त्या जागेवरून फिरवलं. “हा मळ नाही. इन्सुलिन जास्त झालं की कातडी अशी होते. घासून जाणार नाही, उलट तिला दुखेल. आजपासून घासायचं बंद.” भाचीनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. घरी किती वर्षं तिला अंघोळ नीट कर म्हणून बोलणी बसली असतील, ते तिलाच माहीत.

सोनोग्राफीचा रिपोर्ट त्यांनी बाजूला ठेवला. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं होईपर्यंत निदानासाठी सोनोग्राफी धरायचीच नाही, असं 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही पुष्कळ पुटिका दिसतात. वयात येणाऱ्या मुलीला पीसीओएस म्हणायचं तर पाळीची अनियमितता आणि पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण, दोन्ही हवं. भाचीची पाळी अनियमित आहे हे खरं. पण तोंडावर चार-दोन पुरळ, केस नाहीत, आणि टेस्टोस्टेरॉन तपासलं तर नॉर्मल. थायरॉइड, प्रोलॅक्टिन ठीक. दोन तासांची शुगर 128, तीही ठीक. मॅडमनी फाइलवर ‘पीसीओएसचा धोका, पुन्हा तपासणे’ असं लिहिलं आणि तो रिपोर्ट वाचून घाबरायचं नाही असं तिलाच सांगितलं. वीस वर्षांची होईपर्यंत अधूनमधून बघत राहायचं.

आक्काचा जीव गाठींत अडकलेला होता. “ऑपरेशन करून काढून टाकता येत नाहीत का?” तिनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, “ताई, तुमची शेती आहे ना? वाफ्यात सगळं बी एकाच वेळी उगवलं आणि दोन पानांवर येऊन थांबलं, तर वरून कसं दिसेल? तसं आत दिसतंय. दर महिन्याला काही बीजकोष वाढायला लागतात, त्यातला एक पूर्ण मोठा होतो. इथं तो मोठा होत नाही, म्हणून लहान लहान बरेच दिसतात. काढायला तिथं गाठ नाहीच.” पूर्वी ऑपरेशन करत असत, हेही त्यांनी लपवलं नाही. 1935 साली शिकागोच्या स्टीन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात बायकांची नोंद केली, तेव्हा अंडाशयाचा तुकडा काढायचा उपाय केला होता. तेव्हापासून सगळ्यांची नजर अंडाशयावरच खिळली. आता पुष्कळ संशोधनातून इन्सुलिन आणि बाकीचे हार्मोन पुढं आलेत, पण सोनोग्राफीचा कागद बघायची सवय गेलेली नाही.

कॅन्सरची भीती त्यांनी उडवून लावली नाही, ते मला आवडलं. पाळी कित्येक महिने आलीच नाही तर गर्भाशयाच्या आतलं अस्तर जाड होत राहतं, आणि वर्षानुवर्षं तसं चाललं तर पुढं त्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणून 90 दिवस पाळी आली नाही तर फोन करायचा, काही दिवसांच्या गोळ्या देऊन पाळी आणता येते. हे वाक्य भाचीनं स्वतः वहीत लिहून घेतलं. दाजींनी शेवटी विचारलंच, “पुढं मूलबाळ होईल ना?” मॅडम त्यांच्याकडं बघून म्हणाल्या, “पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मुलं होतात. काहींना बीज तयार व्हायला लेट्रोझोलसारख्या गोळ्या लागतात, त्या सहज मिळतात. पण ही आत्ता पंधरा वर्षांची आहे. तिला आज काय होतंय ते बघू.” दाजी गप्प बसले, पण खांदे सैल झाल्यासारखे वाटले.

आहाराचा कागद हा या क्लिनिकचा दुसरा मोठा गुण. मेडिकलमध्ये मी लोकांच्या हातात जे डाएटचे कागद बघते, त्यात ओट्स, ब्राउन ब्रेड, सॅलड, ग्रीन टी. राधानगरीच्या घरात हे कोण आणणार आणि किती दिवस खाणार? इथल्या डाएटिशियनताईंनी आधी आक्काला विचारलं की घरात रोज काय शिजतं. ज्वारीची भाकरी, आमटी, भाजी, भात, सणासुदीला पुरणपोळी, रविवारी मटण. त्यांनी यातलं काही बंद केलं नाही. भाकरी ठेवली, भात अर्धा केला, प्रत्येक जेवणात उसळ, डाळ, अंडं किंवा दही घालायला सांगितलं. तांबडा रस्सा चालेल, सोबत भाताचा डोंगर नको. दिवसातले चार-पाच कप गोड चहा दोनवर आणायचे, आणि गूळ घातला म्हणजे साखर टळली असं धरायचं नाही. आमचा जिल्हा उसाचा, घरी गुऱ्हाळाचा गूळ येतो, त्यामुळं हे ऐकून आक्काला वाईट वाटलं. दुधाबद्दलही विचारलं, कारण पीसीओएसला दूध पूर्ण बंद करा असं कुणीतरी सांगितलं होतं. घरात म्हशी असून पोरीचं दूध तोडलेलं. ताईंनी ते परत चालू केलं. अमुकच एक आहार पीसीओएसला सगळ्यात चांगला, असं सिद्ध झालेलं नाही, जमेल आणि टिकेल तो घ्या, असं त्या म्हणाल्या. उपाशी राहायचं मात्र नाही.

व्यायामाचं तर औषधासारखं लिहून दिलं. भाचीला रोज तासभर अंग हलेल असं काहीही, आणि मॅडमनी लाठीकाठी परत सुरू करायला सांगितलं. पथकाच्या वस्तादांशी आक्का बोलली, पोरगी परत जाते. मला आठवड्याला निदान अडीच तास भराभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम. मी पहाटे रंकाळ्यावर जाते. वजन उतरवायचं माझ्या बाबतीत नाहीच, इन्सुलिन सुधारण्यासाठी चालायचं. भाचीलाही वजनाचं लक्ष्य दिलेलं नाही. आक्कानं खोदून विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या की मोठ्या बायकांचं वजन थोडं जरी उतरलं तरी पाळीत फरक पडतो, पण वाढत्या पोरीला काट्याच्या मागं लावायचं नाही.

आणखी एक गोष्ट इथं होते जी मी दुसरीकडं बघितली नाही. मला एक मराठीतला छापील कागद भरायला दिला, झोप, उदासपणा, कशात रस न वाटणं, चिंता यांचे प्रश्न. पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये नैराश्य आणि चिंता जास्त आढळते, म्हणून सगळ्यांना विचारतात. माझ्या आयुष्यात कुठल्याही डॉक्टरनं मला हे विचारलं नव्हतं. मी खरं खरं लिहिलं. पुढचं त्यांनी व्यवस्थित बघितलं, ते माझ्यापुरतं.

क्लिनिकमध्ये पीसीओएसची पावडर, चहा, सप्लिमेंटचे डबे असं काही विकत नाहीत. हजार-बाराशेचे डबे लोक ऑनलाइन मागवतात आणि मग ‘मेटफॉर्मिनऐवजी हे चालेल का’ म्हणून मला दाखवायला आणतात. त्यात बहुधा इनोसिटॉल असतं. त्यानं फारसं नुकसान नाही, पण फायद्याचे पुरावेही तोकडे आहेत. मेटफॉर्मिनची दहा गोळ्यांची पट्टी वीस रुपयांच्या आसपास मिळते. लॅबची ‘पीसीओडी पॅकेजं’ही जपून घ्या. त्यात एएमएच, म्हणजे अंडाशयातल्या बीजकोषांचा अंदाज देणाऱ्या हार्मोनची तपासणी, घालतात. मोठ्या बायकांमध्ये सोनोग्राफीऐवजी ती तपासणी आता चालते, पण मुलींचं निदान तिच्यावर करायचं नसतं.

आता उणं. वेळ घेऊन गेलात तरी दीड-दोन तास बसावं लागतं. प्रत्येक पेशंटला एवढा वेळ दिला की मागचं लांबणारच, हे कळतं, पण गावाकडून एसटीनं आलेल्यांची शेवटची गाडी चुकते. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. गरोदर बायका आणि गुडघेदुखीवाल्यांचे हाल होतात. सगळ्यात खटकलं ते रिसेप्शनवर. एकदा काउंटरवरच्या मुलीनं भरल्या हॉलमध्ये हाक दिली, “पीसीओडीवाल्या कोण आहेत, आत चला.” दोन मुली उठल्याच नाहीत. आत एवढी काळजी घेणाऱ्या दवाखान्यात बाहेर असं व्हायला नको. मी मॅडमना तिथंच सांगितलं, त्यानंतर नंबरनं बोलावतात. डाएटिशियन आठवड्यातून दोनच दिवस असतात, त्यामुळं फोन करून दोघींची वेळ एका दिवशी घ्या.

खर्च सांगते. पहिली भेट 800, नंतरच्या 500. सगळ्या रक्ततपासण्या मिळून माझे साडेचार हजारांच्या घरात गेले, आणि ते एकदम झेपत नाहीत. मॅडमना तसं सांगितलं तर त्या आधी कुठल्या हव्यात आणि कुठल्या नंतर चालतील ते क्रम लावून देतात, आक्काला तसंच करून दिलं. तेही जमण्यासारखं नसेल तर सीपीआर या सरकारी दवाखान्यात स्त्रीरोग विभागाची ओपीडी आहे. तिथं दाखवताना मी वर लिहिलेल्या तपासण्यांबद्दल विचारून घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की मूल होण्याच्या वयातल्या 10 ते 13 टक्के बायकांना हा त्रास असतो, आणि त्यातल्या 70 टक्क्यांपर्यंत बायकांना तो असल्याचं माहीतच नसतं. म्हणजे आपल्या गल्लीत, वर्गात, बचतगटात कुणी ना कुणी असणारच. मूल झालेलीला असू शकतो, बारीक असलेलीला असू शकतो. पाळी जायच्या वयात पाळीची कटकट संपते, पण शुगर, बीपी, कोलेस्टेरॉलकडं त्यानंतरही लक्ष ठेवावं लागतं. माझ्या काउंटरवर पन्नाशीच्या बायका येतात ज्यांना विशीत ‘लग्न झालं की जाईल’ सांगितलेलं होतं, आणि आता त्या शुगरच्या गोळ्या न्यायला येतात. त्यांची पाळी कशी होती, हे त्यांना मधल्या तीस वर्षांत कुणीच विचारलेलं नसतं.

जाताना जुने सगळे रिपोर्ट न्या, सोनोग्राफीचेही. मागच्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा आठवून लिहून न्या, कॅलेंडरवर खुणा असतील तर त्याचा फोटो चालतो. घरात कुणाला शुगर आहे ते विचारून जा. तपासणीच्या आधीचे पंधरा दिवस जमलं तर हनुवटीचे केस काढू नका, नाही जमलं तर निदान सांगा. एकवीस गोळ्यांचं पाकीट चालू असेल तर हार्मोनच्या तपासण्यांचा आकडा फसवा येतो, त्यासाठी गोळी किमान तीन महिने बंद लागते. पण ती मनानं बंद करू नका, आधी फोन करून विचारा. साखरेच्या तपासणीला रात्रीच्या जेवणानंतर काही न खाता जायचं आणि सकाळचे तीन तास मोकळे ठेवायचे. गाडी मुख्य रस्त्यावर लावायला जागा मिळत नाही, आतल्या गल्लीत लावून चालत या. गणपतीच्या दिवसांत राजारामपुरीत गाडी शिरतच नाही, तेव्हाची तारीख घेऊ नका. मुलगी सोबत असेल तर तिची वही-पेन बरोबर द्या. मॅडम सांगतात ते तिला स्वतःला लिहून घेऊ दे.